आधार हलता की पक्का

२ मार्च

रंधा,

हे कागदावर लिहितोय कारण बाकी सगळीकडे तू मला ब्लॉक केलंयस. ई-मेलवरसुद्धा. ई-मेलवर माणूस ब्लॉक करता येतो हे मला आत्ता कळलं, आणि तुला ते एकटीने जमलं असेल यावर माझा विश्वास नाही. टक्के म्हणतो, मी नव्हतो. "नव्वद टक्के मी नव्हतो." बघ आता.

पत्ता ताईने दिला. म्हणाली, तिच्या मावशीच्या दुकानाचं नाव लिही, 'दारे-खिडक्या' लिही, पोचेल. तू तिथे करवत चालवतेस असंही म्हणाली. मी म्हटलं, छान. म्हणजे म्हटलं नाही, मान हलवली.

कामाचं आधी. मॅडमनी आम्हा तिघांना, मला, टक्केला आणि ताईला, केबिनमध्ये बोलावलं होतं. प्रोजेक्टची नावं तेवीस तारखेला, सोमवारी, वर जाणार. त्या दिवशी तू इथे नसलीस तर तुझं नाव काढणार, आणि नाव गेलं की वर्ष गेलं. मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "तीन महिने एका टेबलावर बसलात, आणि भांडायला तुम्हाला फोन लागला?" टक्के बोलला, "मॅडम, खुर्चीसाठी भांडणारे आम्हीच पहिले नाही." कुणी हसलं नाही. तू असतीस तर हसली असतीस, आणि मग मॅडमपण.

तर माझं म्हणणं एवढंच:

१. खुर्चीच्या बाजूचे आधार पक्के करायचे असं खोलीत बोलणं झालं होतं, मान्य. पण बोलणं म्हणजे ठरणं नव्हे.

२. बाईसाहेब चार वर्षांच्या आहेत. त्यांना पाठ ताठ धरता येत नाही, म्हणून आपण खुर्ची करतोय. पण पाठ कशीही असली तरी मूल वाढतं. आधार बोल्टवर सरकते ठेवले तर खुर्ची तीन वर्षं चालेल. पक्के केले तर पुढच्या वर्षी अडगळीत.

३. ग्रुपवर मतं घेतली आणि सरकते ठरले तेव्हा तू ऑनलाइन नव्हतीस.

४. तू ऑनलाइन नव्हतीस कारण तू वर्कशॉपमध्ये होतीस, आणि वर्कशॉपमध्ये जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि हे मला माहीत होतं.

चौथा मुद्दा लिहायचा नव्हता. हात चालू होता, लिहिला गेला. खोडला तर खोडलेला दिसतो. कागदाचं हे एक वाईट आहे.

ये. तेवीसच्या आत.

टायपिंग

८ मार्च

रंधा,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमन आजारी असेल.

काल खुर्चीपाशी गेलो होतो. म्हटलं, तुझे आधार अलगद सोडवून बोल्ट बसवता येतात का बघू. येत नाहीत. तू खाच पाडून, गोंद भरून, वर क्लॅम्प लावून असे बसवलेत की लाकूड तुटेल पण सांधा सुटणार नाही. मी पाचर घालून हळूच ठोकत बसलो. वर्कशॉपचे काका तिकडून म्हणाले, "काय रे, कुणाचं मन उघडतोयस का?" त्यांना काहीच माहीत नाही, ते सगळ्यांनाच असं बोलतात. तरी मी पाचर खाली ठेवली.

मग तिथेच स्टुलावर बसलो आणि लक्षात आलं की आपण दोघं सारखेच आहोत. मला काही पक्कं करायचं असलं की मी लिहून टाकतो. तुला करायचं असलं की तू चिकटवून टाकतेस. दोघांनाही समोरच्याने 'थांब जरा' म्हणायच्या आत उरकायचं असतं. तू ते आधार खोलीतल्या बोलण्यानंतर दुसऱ्याच सकाळी जाऊन चिकटवलेस. एवढी घाई का? कारण मी संध्याकाळी ग्रुपवर परत विषय काढणार, हे तुला ठाऊक होतं. मी नेहमी काढतो. खोलीत तू जिंकायचीस, ग्रुपवर मी.

ताईला हे सांगितलं. म्हणजे लिहून दाखवलं. तिने मुलीच्या डब्याचं झाकण लावता लावता वाचलं आणि म्हणाली, "अरे बाबा, ते सगळं बरोबर. पण तिने 'कोणी ठरवलं' एवढं विचारलं, तर तू तिला सात मुद्दे पाठवलेस. नंबर घालून. भांडणात नंबर कोण घालतं? वकील आहेस?"

"तिला एक ओळ टाइप करायला किती वेळ लागतो तुला माहितीय ना?" हेही म्हणाली.

मला माहितीय. माझ्याइतकं कुणाला माहितीय? पहिल्या वर्षापासून तुझे रिपोर्ट कोण लिहितंय? तू फेऱ्या मारत बोलायचीस, मी लिहायचो. तुझ्यापुढे कागद आला की अक्षरं जागेवर बसत नाहीत, आणि माझ्यापुढे माणसं आली की शब्द. म्हणून तर जोडी जमली. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगेत लॅपटॉप आणि तुझ्या बॅगेत आजोबांचा रंधा. शेजारी मी, नाव सांगायला उभा, आणि नाव येईना. तू म्हणालीस, "सर, याचं नाव मोठं आहे, वेळ लागेल, तोवर माझं घ्या." वर्ग हसला. मला राग यायला हवा होता. पण ते माझ्यावर हसले नव्हते, तुझ्यावर हसले होते. तू मुद्दाम मधे उभी राहिली होतीस.

मग प्रत्येक प्रेझेंटेशनला मी चिठ्ठ्या लिहायचो आणि तू बोलायचीस. एकदा चिठ्ठीत नसलेला विनोद केलास. मी दोन दिवस फुगून बसलो आणि तिसऱ्या दिवशी तोच विनोद रिपोर्टात घातला. आठवतंय?

आता मॅडम म्हणतात, या वेळी चौघांनी बोलायचं. आपापल्या तोंडाने.

(इथे एक ओळ खोडली आहे. उजेडात धरलीस तर वाचता येईल. धरू नकोस.)

टा.

१३ मार्च

रंधा,

आज मुद्दे नाहीत.

ताई आज सहज म्हणाली, "पण ती बाईसाहेबांच्या हसण्याची रेकॉर्डिंग किती गोड होती नाही?" मी विचारलं, कुठली? ती म्हणाली, "अरे, तिची शेवटची व्हॉइस नोट. तू त्यावर उत्तरपण दिलंस की. ऐकली नव्हतीस?"

नव्हती. आता तू म्हणशील, मला वाटलंच. थांब, कसं झालं ते सांगतो. माझ्या फोनला सोय आहे, आवाज आला की तो लिहून दाखवतो. मी कुठल्या गोंगाटात नव्हतो, साधा आपल्या टेबलावर होतो. कानात घालायला वायर शेजारी होती. तरी मी बटण दाबलं आणि वाचलं. जे उमटलं ते असं: "आधार पक्के आहेत. ती बसली आहे. घाबरत नाही. ऐका. ऐकताय ना." बास. चार मिनिटांच्या आवाजातून फोनने एवढंच काढलं. मला वाटलं, ही अर्धा वेळ गप्पच बसली होती. आणि मी खाली लिहिलं, "व्हॉइस नोट टाकायची नाही असं ठरलंय. कृपया लिहून टाक."

त्यानंतर ती करडी ओळ आली की तू ग्रुप सोडलास.

आज ऐकली. टक्केचे हेडफोन घेतले, जिन्यात बसलो.

आधी तुझी चप्पल. मग खुर्ची फरशीवर टेकल्याचा आवाज, मग फिजिओ, "सावकाश, मान धर," मग तिची आई. मग तू म्हणतेस, आधार पक्के आहेत, ती बसली आहे. घाबरत नाही, म्हणतेस. ऐका. ऐकताय ना? आणि मग तू खरंच गप्प बसतेस, आणि मागे ठप, ठप, ठप. बाईसाहेब दोन्ही तळहातांनी आधार बडवतायत. लाकूड अजिबात हलत नाहीये. त्या आणखी जोरात बडवतात. आणि हसतात. आई म्हणते, "अगं पुरे, हात लाल होतील," आणि आईसुद्धा हसते. आणि तू बोलत नाहीस. तू नुसता फोन धरलायस तिथे, आमच्यासाठी.

यातलं एक अक्षर माझ्या फोनने लिहिलं नाही. तो तरी काय लिहिणार? शब्द नव्हतेच.

बोल्टचा नमुना घेऊन तू दवाखान्यात गेली होतीस तेव्हा काय झालं होतं, ते आज ताईने सांगितलं. आधार जरासा हलला आणि पोरगी जी गोठली, ती खाली घेईपर्यंत डोळे मिटून होती. हे तू खोलीत सांगितलंस म्हणे, हातवारे करून, ती कशी गोठली ते स्वतः खुर्चीत बसून दाखवलंस. मी त्या वेळी खोलीतच होतो. मांडीवर फोन होता. मी आकडे टाकत होतो, मूल वर्षाला किती वाढतं त्याचे.

आपण अजून न झालेल्या खुर्चीवरून भांडत होतो असं मला वाटत होतं. ती खुर्ची कधीच झाली होती, आणि तिच्यात बसून एक जण टाळ्या पिटत होती.

ती तरीही पुढच्या वर्षी या खुर्चीत मावणार नाही, हे मी लिहिणार होतो. लिहिलंच.

तुझी आठवण येते. जिन्यात जास्त येते, तिथे आवाज घुमतो.

टायपिंग

१७ मार्च

रंधा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, सनमायकाच्या नमुन्याच्या पाठीवर पेन्सिलीने तीन वाक्यं. "तू लिहून जिंकतोस. मला लिहू नकोस. फोन कर, दुकानाचा नंबर पाटीवर आहे." खाली पाटीचं चित्र काढलंयस, नंबरसकट. चित्र झकास आलंय. तीन वाक्यांना तुला किती वेळ लागला असेल, ते पेन्सिल कुठे कुठे दाबलीयस त्यावरून कळतं.

फोन करणारच होतो. काल वसतिगृहात रेंज नव्हती. परवा टक्केचा वाढदिवस होता. म्हणजे त्याचा नव्हता, त्याच्या खोलीतल्याचा होता. आज दुपारी नंबर लावला, मावशींनी उचलला, "हॅलो, कोण?" मी अडलो. "कोण बोलतंय? बोला की!" मी ठेवला. परत लावला. परत तेच.

ऐक. व्हॉइस नोट नको हा नियम माझा. तुम्ही तिघांनी विचारलं होतं, का? मी लिहिलं होतं, 'नंतर शोधता येत नाही.' टक्के लगेच म्हणाला, बरोबर, शंभर टक्के. ताई म्हणाली, मला काय, मी वाचेन. तू काहीच म्हणाली नाहीस. तुला कळलं होतं ना? मला स्वतःला व्हॉइस नोट टाकता येत नाही म्हणून तो नियम होता. तुम्ही तिघं हसत खिदळत आवाज पाठवायचात आणि मी खाली एकटा टाइप करत बसायचो. तोंडाने बोलायची खोली तर तुमची होतीच, ग्रुप तरी माझा असू दे, असं वाटलं.

आणि तू गप्प राहिलीस. माझ्यासाठी. एका बोटाने टाइप करत राहिलीस तीन महिने. पहिल्या दिवशी वर्गात मधे उभी राहिलीस, तशीच. फरक इतकाच की या वेळी मी तुला तिथून सरकवत सरकवत पार बाहेर काढलं.

ग्रुपवर मला कधी अडायला होत नाही. काय सांगू तुला, कसलं वाटतं ते! वाक्य सुरू केलं की संपतं. कुणी मधेच 'हां हां, कळलं' म्हणून माझा शब्द पुरा करत नाही. मी तिथे हुशार आहे, मला टोमणे मारता येतात, लोक मला घाबरतात. कुणी मला घाबरावं, हे मला किती आवडलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तिथे मला तुझी गरज पडली नाही. हे सगळ्यात वाईट. तुझी गरज पडली नाही आणि मला वाटलं, आपण मोठे झालो.

उद्या परत लावतो. मावशींना सांगून ठेव, की गप्प फोन आला तर तो मी.

टा.

२० मार्च

रंधा,

तू म्हणालीस, लिहू नकोस, आणि हे मी लिहितोय. हे शेवटचं.

फोनवर काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने काय दिसत होतं ते माहीत नाही. मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मावशी म्हणाल्या, "हे बघ, दार हवं असेल तर माप सांग, नाहीतर फोन ठेव." मी म्हटलं, "र… र…" आणि त्या करवतीच्या वर आवाज काढून ओरडल्या, "अगं ए, तुझा तो लिहिणारा आलाय फोनवर!"

तुझा तो लिहिणारा. मावशी हे कधीपासून म्हणतात? जाऊ दे, सांगू नकोस.

मग तू आलीस आणि म्हणालीस, "हं." आणि थांबलीस. मी अडलो, तू थांबलीस. टक्के माझी वाक्यं पुरी करतो, त्यातली चाळीस टक्के चुकीची. ताई मान हलवून धीर देते, त्याने आणखी अडतं. तू काहीच करत नाहीस. तू नुसती असतेस. मी विसरलो होतो की असंही कुणी असतं.

मी म्हटलं, ऐकली. तू म्हणालीस, "आत्ता? महिना झाला." मी म्हटलं, आधार पक्केच ठेवू. तू म्हणालीस, "वा, आले साहेब." आणि मी म्हटलं, पण ती वाढणार आहे. आणि मग जी जुंपली आपली!

"अरे मग गादी जाड घे ना! आत्ता जाड, वाढली की पातळ. आधार कशाला हलवायचा? माणूस वाढला की घराच्या भिंती सरकवतोस का?"

"गा… गादी घामाने ओली होते. क… क… कव्हर निघालं पाहिजे."

"काय? मोठ्याने बोल, इथे मशीन चालू आहे."

"कव्हर!" मी ओरडलो. व्हरांड्यातली दोन दारं उघडली. कुणीतरी विचारलं, काय झालं? मी हाताने दटावलं त्यांना. मी कामात होतो.

"कव्हर निघेल की! चेन लावू."

"चे… चेन टोचेल तिला."

"मागच्या बाजूला लावायची रे शहाण्या, चेन काय तिच्या मांडीवर लावणारेस?"

"आणि पा… पाय? पाय लटकतात तिचे!"

"पायाची फळी सरकती कर. तिथे घाल तुझे बोल्ट, हौस फिटेपर्यंत."

क वर अडलो, प वर अडलो, एकदा तर 'हो' म्हणताना अडलो. पण मी एकदाही वाकलो नाही, आणि तूही नाहीस. दोघं एकदम बोलत होतो, कुणाचं कुणावर पडत होतं, आणि खुर्ची मात्र पुढे सरकत होती. ग्रुपवर हजारो ओळी लिहिल्या मी, त्यात कधी असं झालं नव्हतं. तिथे आधी माझं संपायचं, मग तुझं सुरू व्हायचं. म्हणजे तुझं सुरू व्हायचंच नाही.

फोन ठेवायच्या आधी मी श्वास घेतला आणि तुला कळलं. तू म्हणालीस, "तुला काय विचारायचंय ते माहितीय मला. फोनवर विचारू नकोस. खुर्ची घेऊन ये, गाद्या मी बसवते. तेव्हा विचार. माझ्यासमोर. आणि लिहून आणू नकोस."

"येशील का नाही ते तरी…"

"समोर," म्हणालीस.

तर उद्या, शनिवारी, सकाळच्या गाडीने निघतोय. खुर्ची गोणपाटात बांधली आहे. टक्के म्हणाला, टपावर साठ टक्के सुरक्षित. म्हणून मी ती शेजारच्या सीटवर घेणार आहे, तिचं तिकीट काढून. ताईने फोम घेतलाय, तिच्या मुलीने त्यावर उड्या मारून तपासलाय. मॅडमना सांगितलं, सोमवारपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत मी तशीही थांबणारच आहे. तू पोच."

हे पत्र आज पेटीत टाकतोय. तुला मिळेल तेव्हा सोमवार उलटलेला असेल. मी तुझ्या दुकानाच्या दारात येऊन गेलेलो असेन. मी विचारलं असेल आणि तू काहीतरी उत्तर दिलं असशील, हो किंवा नाही, आणि ते जे काय असेल ते आपल्या दोघांच्या मधे बोललं गेलं असेल. किंवा मी दारात उभा राहून पहिल्याच अक्षरावर अडलो असेन, तू थांबली असशील, आणखी थांबली असशील, आणि शेवटी गिऱ्हाईक आलं असेल.

तसं झालं असेल तर तू हे पाकीट घाईने फोडशील. तिथे अडलं ते त्याने इथे लिहिलं असेल, या आशेने.

लिहिता आलं असतं. वाक्य तयार आहे. चांगलं आहे, मी तीनदा सुधारलंय, वाचलंस तर तू 'नाही' म्हणू शकणार नाहीस.

म्हणून ते इथे लिहीत नाही.